खवट

कसबा पेठ, पुणे
गुरुवार

प्रिय अपेक्षा,

“आजपासून तुमचं नाक ही सरकारी मालमत्ता आहे. सर्दी झाली तर अर्ज करा.” जयसिंग सरांचं हे वाक्य तुला आठवतं का? प्रयोगशाळेतला आपला पहिला दिवस. दोघी एकाच दिवशी रुजू झालेल्या, दोघींच्या हातात नेमणुकीची पाकिटं, आणि तू केसांत मोगऱ्याचा गजरा माळून आली होतीस. सरांनी तो काढायला लावला आणि शिपायाच्या टेबलावर ठेवायला सांगितला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आणि तुम्ही? अत्तरवाल्यांच्या कन्या ना? सोमवार ते शनिवार बिनवासाचा साबण. रविवारी काय उधळायचं ते उधळा.” बाहेर आल्यावर तू हसत हसत जिन्यातच बसलीस. त्या जिन्यात आपली मैत्री झाली. हल्ली ऑफिसात तू मला ‘शेख बाई’ म्हणतेस आणि मी तुला ‘मॅडम’. या पत्रापुरती मात्र तू ‘तू’ आहेस. मला आज जे लिहायचं आहे ते ‘आपण’ म्हणून लिहिताच येणार नाही.

लोकांना वाटतं, तुपाची, मधाची, मसाल्याची प्रत यंत्रं ठरवतात. डब्यावर अॅगमार्कचं लेबल दिसलं की ते निर्धास्त होतात. यंत्र आम्लता सांगतं, भेसळ सांगतं, पाण्याचा अंश सांगतं. तूप तुपासारखं आहे की नाही, हे शेवटी माणसाचं नाकच सांगतं. ती आपली खोली मला अजून स्वप्नात दिसते. रंग पाहून मत बनू नये म्हणून लावलेला तो लाल दिवा, मधे लाकडी आडोसे, तीन स्टुलं. कोमट तुपाचा थेंब हाताच्या पाठीवर घ्यायचा, अंगठ्याने चोळायचा आणि श्वास घ्यायचा. तुझं नाक माझ्याहून तयार होतं. हे मी तेव्हाही म्हणायचे आणि आज, तुझ्यावर एवढा राग असतानाही म्हणते. लोणी कढवायला उशीर झाला होता, कढईच्या तळाशी बेरी करपली होती, हे तू डोळे मिटून सांगायचीस. बाहेर जाऊन विचारलं की तसंच निघायचं. सर म्हणायचे, “या दोघी असताना यंत्रांना पगार कशाला द्यायचा?”

शनिवारी अर्ध्या दिवसानंतर तू माझ्याबरोबर कसब्यातल्या आमच्या दुकानात यायचीस. अब्बा तुझ्यासाठी खास वेगळा, अत्तरात भिजवलेला कापसाचा फाया काढून ठेवायचे. तू तो कानात खोचून सोमवारी सकाळपर्यंत ठेवायचीस, मग न्हाऊन यायचीस. माझं उम्मेहानी हे नाव तुला लांबलचक वाटायचं म्हणून तू त्याचं ‘हानी’ केलंस. अब्बांना मराठीतला त्याचा अर्थ कळल्यावर ते दिवसभर रुसले होते. सरांना मात्र ते फारच आवडलं. “अपेक्षा ठेवली की हानी व्हायचीच,” असं ते आपल्याला पाहून भिंतीकडे बघत म्हणायचे आणि आपण दरवेळी हसायचो. आता ते वाक्य मला विनोद वाटत नाही.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत आधी तू आजारी पडलीस, मग मी. तुझ्या घरचे सगळे बरे झाल्यावर मी फोन केला, तेव्हा तू म्हणालीस, “मला काही नाही गं, साधा खोकला.” मी तुला सांगितलं की मला वास येत नाही. आधी मला ते कळलंच नव्हतं. अब्बांच्या दुकानात गेले तेव्हा कळलं. इतक्या कुप्यांच्या मधे उभी होते आणि जणू भिंतीला नाक लावून उभी होते. तुझ्याशी बोलताना मी रडले. मी म्हटलं, मी अर्ज लिहून ठेवला आहे, वास घेणाऱ्यांच्या पॅनेलमधून मला काही दिवस बाजूला करा म्हणून. तू म्हणालीस, “वेडी आहेस का? एकदा बाजूला झालीस की परत कोण बसवतंय? थांब. येईल परत. मी आहे ना.” मी थांबले. तो अर्ज मी फाडला. पॅनेलच्या बैठका तेव्हा बंदच होत्या, म्हणून मनाला फार लागलं नाही.

बैठका सुरू व्हायच्या होत्या त्या दिवशी पॅनेलप्रमुखाचं नाव ठरायचं होतं. मी, तू, सर, बाकीचे सगळे. सर म्हणाले, शेख बाईंचं नाव आहे, कुणाला काही म्हणायचंय? आणि तू उभी राहिलीस. “तिला वास येत नाही, सर. आजारातून उठल्यापासून नाही. ती लपवतेय.” तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. सरांनी तिथेच वाट्या मागवल्या. एकीत चांगलं तूप, एकीत वनस्पतीची भेसळ, एकीत खवट झालेलं. मी हाताच्या पाठीवर थेंब घेतले, चोळले, नाकाशी नेले. सगळे बघत होते. मी भेसळीच्या वाटीला उत्तम म्हटलं. मागे कुणीतरी खुदकन हसलं. कोण ते मला आजही माहीत आहे, पण त्याच्याशी माझं भांडण नाही. तू खाली मान घालून पेनाचं टोपण लावत होतीस, काढत होतीस, लावत होतीस. मी समजले, तुला लाज वाटतेय. ती लाज नव्हती. ती भीती होती, हे मला खूप उशिरा कळलं.

मग मला लेबलांच्या खिडकीत बसवलं. पास झालेल्या मालाची लेबलं द्यायची, सही घ्यायची. तू प्रमुख झालीस. अब्बांना मी सगळं सांगितलं, तुझं नाव सोडून. म्हातारा माणूस, पण मला रोज सकाळी दुकानात बसवून नाकाखाली फाये धरायचा. गुलाब, वाळा, लवंग, लिंबू. “क्या आया?” मी म्हणायचे, काही नाही. ते म्हणायचे, “काही नाही, हे पण नीट सांग बेटा. काल जे ‘काही नाही’ होतं तेच आजचं आहे का?” मला राग यायचा. त्यांना नाही आला कधी. माझं नाक परत यायच्या आधीच ते गेले. त्या दिवशी तू आमच्या घरी आलीस. बायकांच्या खोलीत लोबान जळत होता, कोपऱ्यात अत्तराची बाटली उघडी होती. मला त्यातलं काहीही येत नव्हतं. अब्बांचा शेवटचा वास मला मिळाला नाही, अपेक्षा. तू माझा हात धरलास आणि मी तो काढून घेतला. एवढं तुझ्या लक्षात असेल.

वास परत आला तो पुढच्या वर्षी, आणि पहिला आला तो आमच्या गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराचा. मी तिथे पिशवी घेऊन उभी राहून रडत होते आणि समोरच्या बोहारणीला वाटलं कुणी तरी माझं पाकीट मारलं. मग एकेक करत सगळे परतले. लिंबू आधी, वाळा सगळ्यांत शेवटी. मी कुणाला सांगितलं नाही. तुला तर नाहीच. मला वाटायचं, मी आता नुसती बघत बसेन, आणि कधीतरी तू चुकशील.

आणि मग सोजरबाई आल्या. लोणी काळभोरच्या, म्हशीच्या तुपाचा त्यांचा बायकांचा गट आहे. येत्या दिवाळीसाठी एका मिठाईवाल्याने त्यांच्याकडे आत्तापासूनच मागणी नोंदवली होती, अट एवढीच की अॅगमार्क पाहिजे. तू त्यांचं तूप नापास केलंस. त्या माझ्या खिडकीशी आल्या आणि बरणी अशी आपटली की माझी लेबलं उडाली. “खवट म्हनली! तुमची ती म्याडम माझ्या तुपाला तोंडावर खवट म्हनली! माझ्या सासूनं जलमभर नावं ठिवली मला, चालन्यापासून बोलन्यापत्तुर, पन तुपाला ती बी कवा खवट म्हनली न्हाई!” मी म्हटलं, मावशी, मी नुसती लेबलं देते. “मंग लेबलवालीला नाक नसतं का? घ्या, वास घ्या.” मी झाकण काढलं. रवाळ, सोनेरी, ताजं तूप. आणि त्यात वर विड्याच्या पानाचा वास. कढवताना पान टाकलं होतं त्यांनी, आपल्या घरोघरी टाकतात तसंच.

मला विचार करावा लागला नाही, त्या क्षणीच मी सगळं समजले. नियमात परका वास चालत नाही. पानाचा वास आला म्हणून एखाद्या कडक नाकाने ते तूप अडवलं असतं, तर मी समजू शकले असते. मीही कदाचित विचारलं असतं, हे पान का? पण ज्याला नाक आहे असं जगातलं कुणीही त्या तुपाला खवट म्हणालं नसतं. म्हणजे तू वास घेतलाच नव्हतास. आम्लता मर्यादेत होती पण काठावर होती, तो आकडा तुझ्या हातात आधी आला होता. आकडा चढला की तूप खवट, असं तू पुस्तकातून काढलंस. त्या दिवशी पॅनेलवर एकजण रजेवर आणि दुसरा नवखा, तो तुझ्या तोंडाकडे बघून बोलणारा. तुला आधाराला कुणी नव्हतं, म्हणून तू अंदाज केलास. पॅनेलप्रमुखाने शेवटी बोलायचं, ही प्रथा तुझ्या किती कामाची होती! सगळ्यांचं ऐकून घ्यायचं, कागदावरचे आकडे बघायचे आणि मग मान हलवायची.

माझी खात्री पटायला हवी होती. मी सोमवारी मनगटाला अब्बांचं शमामा लावून आले. ते अत्तर म्हणजे दुसऱ्या मजल्यावर लावलं तर तळमजल्यावर कळतं. पूर्वी असतं तर तू दारातूनच ओरडली असतीस, “आलीस का दुकान घेऊन!” आता तू माझ्या शेजारून गेलीस, फाइल मागितलीस, आणि पुढे गेलीस. मग मी सुकटीचा डबा आणला. तुला आठवतं, सुकटीचा डबा उघडला की तू खिडक्या उघडायचीस आणि दोन दिवस माझ्याशी बोलायची नाहीस? त्या दुपारी जेवणाच्या खोलीत दुसरी जागा नव्हती. तू नाइलाजाने माझ्या शेजारी बसलीस, पोळीचा घास घेतलास आणि शिष्टाचार म्हणून म्हणालीस, “वा, शेख बाई, आज काहीतरी छान केलंय वाटतं.” समोर बसलेल्या संतोषला ठसकाच लागला. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की घरी येऊन मी शिरा केला. खोटं कशाला सांगू? तुझी फजिती मला गोड लागली.

पण मग शिरा खाता खाता हिशेब जुळायला लागला. तू माझ्या आधी आजारी पडली होतीस. तुझा ‘साधा खोकला’. मी फोनवर रडत होते तेव्हा तुझंही नाक गेलेलं होतं. “येईल परत” हे तू मला सांगत होतीस की स्वतःला? आणि बैठकीत तू उभी राहिलीस ती प्रमुखपदासाठीसुद्धा नव्हे. वाट्या एकदा निघाल्याच असत्या, कधी ना कधी. त्या माझ्यापुढे निघाल्या, म्हणून तुझ्यापुढे निघाल्या नाहीत. चोर दाखवणाऱ्याची झडती कोण घेतो? एवढं हुशार तुझं डोकं, अपेक्षा.

ज्या गोष्टीसाठी मी तुला माफ करणार नाही, ती प्रमुखपद नाही, आणि ती लेबलांची खिडकीही नाही. अब्बांच्या घरात लोबान जळत होता तेव्हा तू माझ्या शेजारी बसली होतीस, आणि तुलाही काही येत नव्हतं. एका खोलीत आपण दोघी होतो, आणि मला वाटत होतं की जगात मी एकटीच आहे. अब्बा असताना तू एक शब्द बोलली असतीस तर त्यांनी तुझ्यासाठीही चार फाये भिजवले असते. रोज सकाळी दोन मुलींना समोर बसवून विचारलं असतं, क्या आया? कदाचित तुझंही परत आलं असतं. ते तुला नको होतं. तुला मी एकटी हवी होते.

आता सोमवारचं. सरांच्या जागी आलेले नवे साहेब पॅनेलच्या सगळ्यांची नव्याने परीक्षा घेणार आहेत, हे तुला परिपत्रकातून कळलंच असेल. गेल्या महिन्यात मी स्वतःहून त्यांच्याकडे गेले, माझी परीक्षा घ्या म्हटलं, आणि पास झाले. तुला माहीत नसेल ते हे: सोमवारच्या वाट्या मी भरणार आहे. साहेबांनी विचारलं, आधी कुणाला बोलवायचं? मी म्हटलं, साहेब, प्रमुखांनी नेहमी शेवटी बोलायची पद्धत आहे, या वेळी पहिल्यांदा बोलावं. त्यांना ते पटलं. आकडे कुणालाच आधी मिळणार नाहीत. एका वाटीत सोजरबाईंचं तूप असेल. त्यांनी फेरतपासणी मागितली होती, आणि तुझ्या नाकावर त्यांची दिवाळी ठरली होती, ती आता इतरांच्या नाकावर ठरेल. दुसऱ्या वाटीत खरोखर खवट. तिसरीत काय ते मी लिहिणार नाही. दारात सोजरबाई बसलेल्या असतील. मला तेवढ्या गर्दीत जसं बसावं लागलं तसं तुला बसावं लागेल, आणि मी तुझ्याकडे बघेन. मी मान खाली घालून टोपणाशी खेळणार नाही. हे तुला आधी कळवून मी उपकार करत नाहीये. मला तुझ्यासारखं मागून यायचं नाही, इतकंच. हे दिवस तू जेवशील, झोपशील, आणि सोमवार येत राहील.

पण हे सगळं मी तुला सोमवारी तोंडावरही सांगू शकले असते. पत्र लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणाने. तुझ्या लेकीच्या, संस्कृतीच्या, बारावीच्या निकालाचे पेढे द्यायला तू सगळ्या ऑफिसला वारज्याच्या घरी बोलावलंस. मीही आले, खरं तर तुला जवळून बघायलाच. तू ओट्याशी पाठमोरी उभी राहून कप मांडत होतीस. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, आणि गॅस सुरू होता. मला तो वास स्वयंपाकघराच्या दारातच आला. तू म्हणालीस, “अगंबाई, विझली वाटतं,” आणि लायटर उचललास. मी धावत पुढे झाले, बटण बंद केलं, तुझा हात धरून बाजूला केला, खिडकी उघडली. म्हटलं, “किती उकडतंय तुमच्याकडे.” तू हात सोडवून घेतलास आणि म्हणालीस, “शेख बाई, उन्हाळ्यात उकडतंच. आमच्याकडे काही वेगळं नाही.” बाहेर संस्कृती मैत्रिणींबरोबर फोटो काढत होती. तुझं वाटोळं मी इतके दिवस मनात रंगवलं होतं, पण त्या चित्रात ती मुलगी कुठेच नव्हती. तुझे यजमान सतत फिरतीवर, घरात तुम्ही दोघीच, आणि तिला वाटतं की पुण्यातलं सगळ्यात तयार नाक तिच्या आईला आहे. गॅस सुटला तर आईला कळेलच, या भरवशावर ती झोपते. सोमवारी मी तुला सोडणार नाही, एक वाटीसुद्धा सोपी ठेवणार नाही. पण त्याच्या आधी, हे वाचून झाल्याबरोबर, संस्कृतीला जवळ बसव आणि सांग की आईला वास येत नाही, गॅस रोज तू बघायचास. साहेबांना सांगू नकोस, नवऱ्याला सांगू नकोस, मला तर काहीच सांगू नकोस. फक्त तिला सांग. तू सांगणार नाहीस. तिच्या डोळ्यांत तू अजून पहिल्या प्रतीची आहेस आणि ते तू सोडणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. तरी मी मागते आहे. सांग तिला.

तुझी, राग धरून का होईना,
उम्मेहानी